साज, आवाज आणि बाजगश्त

अलीकडे आपल्या घरांतून मोबाईलवर ज्या नअती आणि नशीद ऐकल्या जातात, त्यांच्याखाली बहुतेक वेळा एक सूचना असते. यात संगीत नाही, फक्त आवाज आहे. आणि ऐकायला बसावे तर मागे ढोल घुमल्यासारखे काहीतरी घुमत असते, मध्येच बासरीसारखा एक सूर लांबत जातो, गाणाऱ्याचा एकच आवाज दहा आवाजांचा होऊन कानांभोवती फिरतो. सूचना खोटी नसते. हे सारे आवाज ओठ, टाळू आणि गळ्यातून काढलेले असतात. ते यंत्रातून फिरवून, जाड-पातळ करून, एकावर एक रचलेले असतात इतकेच. मग याला काय म्हणायचे? साज म्हणायचे की आवाज? ज्यांना संगीताबद्दल कसलीच धास्ती नाही, त्यांना हा प्रश्न ऐकून हसू येईल. मला येत नाही. कारण या साज आणि आवाजाच्या सीमारेषेपायी आमच्या घरातले एक क्लॅरोनेट विकले गेले आहे.

ते माझ्या मामूंचे होते. मिरजेच्या परिसरातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये ते वीसएक वर्षे वाजवत होते. वरातीत सिनेमाची गाणी, देवळापाशी आल्यावर आरती, दर्ग्यापाशी आल्यावर कव्वालीची चाल. पावसाळ्यात लग्ने नसत तेव्हा ते माळ्यावर बसून नुसते लांब सूर लावत. आम्ही मुले खाली अभ्यास करायचो. पुढे ते जमातीत चिल्ला लावून आले आणि आठवड्याच्या आत वाद्य विकून टाकले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता रिक्षा चालवतात. रिक्षात दिवसभर मोबाईलवर तीच गळ्याची नशीद चालू असते. एकदा मी म्हटले, ‘मामू, हे मागे वाजतंय ते काय आहे?’ ते शांतपणे म्हणाले, ‘गला है बेटा, साज नहीं.’ आणि दोन मिनिटांनी, माझ्याकडे न बघता, ‘सूर अच्छा लगाया है, मगर गंधार जरा चढ़ा हुआ है.’

या एका वाक्यात सारा पेच आहे. मामूंच्या मते ते वाद्य नाही. मामूंचा कान मात्र ते वाद्यासारखेच तपासतो आहे.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटावर ‘आलात’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. आत भिंगे, चिमटे, ट्यूनिंग फोर्क. डॉक्टर छातीला लावतो त्यालाही उर्दूत ‘आला’च म्हणतात. आणि फतव्यांच्या किताबांतून जो शब्द येतो तो ‘आलाते मूसीकी’. लाउडस्पीकर, ग्रामोफोन वगैरे नव्या यंत्रांवर मुफ्ती मुहम्मद शफी यांचे जे प्रसिद्ध पुस्तक आहे त्याचे नाव ‘आलाते जदीदा के शरई अहकाम’. म्हणजे स्टेथोस्कोप, लाउडस्पीकर आणि सतार हे सगळे एकाच शब्दाचे नातेवाईक. आला म्हणजे साधन. ते कशाचे साधन आहे, हे पुढच्या शब्दावर ठरते. मराठीतला ‘वाद्य’ हा शब्द वेगळ्या वाटेने येतो. त्याच्या मुळाशी ‘वद्’ आहे. ज्याला बोलते करायचे ते वाद्य. भरताच्या नाट्यशास्त्राने त्याचे चार वर्ग केले: तारांचे तत, फुंकायचे सुषिर, कातडे मढवलेले अवनद्ध आणि आघाताचे घन. पाश्चात्त्य अभ्यासकांनी 1914 साली अशीच चार वर्गांची पद्धत बसवली, आणि त्यांच्यापैकी कुर्ट झाक्स यांना 1940 मध्ये विजेवर चालणाऱ्या वाद्यांसाठी पाचवा वर्ग जोडावा लागला. पण एको, रिव्हर्ब, ऑटोट्यून हे त्या पाचव्या वर्गात तरी बसतात का? ही यंत्रे स्वतः बोलत नाहीत. दुसऱ्याच्या बोलण्याला ती काहीतरी करतात.

हा प्रश्न माझ्यापुढे कागदावर आला तो तालुक्यातल्या उर्दू शाळांच्या नअतखानी स्पर्धेत. नियमपत्रिकेत अनेक वर्षांपासून तीन शब्दांची एक ओळ छापलेली असते, ‘साज के बगैर’. त्या ओळीवर कधी कुणी बोट ठेवले नव्हते, कारण हार्मोनियम घेऊन कुणी येतच नव्हते. त्या वर्षी आमच्या शाळेचा नववीतला एक मुलगा उतरला होता. पाचवीपासून त्याचे नाव झालेले. पण वयाप्रमाणे त्याचा आवाज फुटला होता. वरचा सूर लावायला गेला की चिरत असे. त्याच्या वडिलांचा मंडप आणि साउंड भाड्याने देण्याचा धंदा. मुलगा लहानपणापासून वायरींत वाढलेला. त्याने घरी मोबाईलवर स्वतःच्याच आवाजाचे चार थर चढवले. एक नुसता घुमारा, एक ओठांनी धरलेला ठेका, एक खालच्या पट्टीतले गुणगुणणे आणि या सगळ्यावर थोडा एको. मंचावर त्याने तो मोबाईल माइकजवळ धरला आणि त्यावर नअत पढली. वरचा सूर जिथे चिरला असता तिथे मागचा आवाज त्याला उचलून धरत होता. सभागृह अगदी शांत होते.

परीक्षकांपैकी एका मौलवीसाहेबांनी लगेच हरकत घेतली. हा साज आहे. दुसरे एक निवृत्त उर्दू शिक्षक म्हणाले, सगळा गळ्याचा आवाज आहे, साज कुठे आहे? बराच खल झाला. शेवटी नियमभंग धरून त्याचा नंबर काढला नाही. निकालानंतर तो माझ्याकडे आला. रडत वगैरे नव्हता. त्याने फक्त अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवले. ‘टीचर, माइक का एको तो सब के लिए आधा खुला था. फिर वो क्या है?’

अॅम्प्लिफायरवर एको असे लिहिलेला नॉब खरोखरच अर्ध्यावर होता. आपल्या किती मशिदींत, किती जलशांत तो असाच अर्ध्यावर असतो. खतीबसाहेबांच्या आवाजाला त्याने भारदस्तपणा येतो हे सगळ्यांना माहीत असते. त्याला कुणी साज म्हणत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाने मला किताबांकडे वळवले. मी आलिमा नाही. अरबी मला कुरआनपुरती येते. पण उर्दू तर्जुमे वाचता येतात, आणि वाचल्यावर जे दिसले ते मला सांगण्यासारखे वाटते. बुखारी शरीफमध्ये दोन घटना आहेत. पहिली आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. ईदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्याला सैतानाचा मिजमार म्हणून रागावले, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, ईदचा दिवस आहे, गाऊ द्या म्हणून. दुसरी घटना तितकी सांगितली जात नाही. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांचा कुरआन पढण्याचा आवाज फार गोड होता. तो ऐकून प्रेषितांनी (स.) त्यांची तारीफ केली की यांना दाऊदच्या घराण्याच्या मिजमारांपैकी एक मिजमार मिळाला आहे. मिजमार म्हणजे फुंकून वाजवायची नळी, पावा. एका ठिकाणी हा शब्द धिक्काराचा आहे, दुसऱ्या ठिकाणी कौतुकाचा. आणि दुसऱ्या ठिकाणी तर हातात कसलीही नळी नाही. माणसाचा गळाच मिजमार ठरला आहे. म्हणजे गळा एकीकडे आणि वाद्य दुसरीकडे अशी जी सरळ भिंत आपण गृहीत धरतो, ती त्या काळच्या भाषेत तरी इतकी सरळ नव्हती.

इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी ‘इह्या’मध्ये समाअवर एक संपूर्ण भाग लिहिला आहे. ते शाफई होते, आपल्या कोकणातल्या बांधवांच्या मसलकाचे. त्यांचा युक्तिवाद मला विज्ञान शिक्षिका म्हणून फार आवडतो. गोड आवाज हा मुळात हराम असू शकत नाही, नाहीतर बुलबुल ऐकणेही हराम ठरेल. आवाजाचे मूळ प्राण्यांच्या गळ्यात आहे, आणि बासरी वगैरे वाद्ये त्या गळ्यांची नक्कल करून माणसाने बनवली. मग काही वाद्यांना मनाई का? तर ती दारूच्या बैठकींची ओळख बनली म्हणून. तारांची वाद्ये आणि मिजमार त्यांनी या कारणासाठी नाकारले, डफला परवानगी दिली. मनाईचे कारण लाकडात किंवा तारेत नाही, ते ज्या मैफलीत बसते त्या मैफलीत आहे. हे सगळ्यांना मान्य नाही हेही खरे. स्पेनचे इब्ने हज्म (मृत्यू 1064) यांनी मनाईच्या हदीसींच्या सनदींवरच शंका घेतली होती, आणि दुसऱ्या बाजूला चारही मसलकांतल्या बहुसंख्य फकीहांनी वाद्यांना मनाई केली आहे. हा वाद आपल्या पिढीत मिटणार नाही. तो मिटवायला मी बसलेलेही नाही. माझा प्रश्न छोटा आहे. मनाई मान्य केली तरी एको त्यात येतो का?

गंमत म्हणजे एकोवर फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी विचार करून ठेवला आहे. कुरआनातल्या काही आयती ऐकल्या की सजदा वाजिब होतो. मग डोंगरातून किंवा घुमटातून ती आयत परत आली, म्हणजे फक्त बाजगश्त कानावर पडली तर? हनफी ग्रंथांत उत्तर आहे की सजदा वाजिब नाही. पोपटाने म्हटली तरी नाही. का? कारण पढणारा तिथे नाही. बाजगश्त हा पढणाऱ्याचा आवाज नव्हे, तो आवाजाचा अवशेष आहे. ग्रामोफोन आला तेव्हा हाच प्रश्न नव्या कपड्यांत आला. बरेलीच्या मौलाना अहमद रझा खान यांनी त्यावर स्वतंत्र रिसाला लिहिला. लाउडस्पीकर आल्यावर तर उपखंडात मोठा वाद झाला. भोंग्यातून येणारा आवाज इमामाचाच की यंत्राने तयार केलेला नवा? नवाच असेल तर त्याच्यामागे रुकू-सजदा केलेल्यांची नमाज झाली का? उलेमांनी विज्ञान जाणणाऱ्यांकडे चौकशा केल्या, आधी हरकत घेतलेल्यांपैकी काहींनी पुढे मत बदलले. आज भोंग्याबद्दल आपल्याकडे वाद आहेत ते वेगळ्या कारणांनी आहेत. कायदा तर साज की आवाज हे विचारतच नाही. तो डेसिबल मोजतो. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55, रात्री 45.

नववीच्या वर्गात मी ध्वनीचा पाठ शिकवते तेव्हा बाजगश्तचे गणित फळ्यावर करून दाखवते. कानातला आवाजाचा ठसा 0.1 सेकंद टिकतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 344 मीटर जातो. म्हणून भिंत निदान 17.2 मीटर दूर हवी, तरच परतलेला आवाज वेगळा ऐकू येतो. त्याहून जवळ असेल तर तो मूळ आवाजात मिसळून त्याला शेपूट लावतो, ज्याला आपण निनाद म्हणतो. मुलांना हे पाठ होते, पटत नाही. म्हणून आम्ही एकदा सहल विजापूरला नेली. गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, 1656 ची. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. वरच्या सज्जात उभे राहिले की समोरच्या टोकाला कागद फाडल्याचा आवाजही ऐकू येतो. आवाज पलीकडे जाऊन परत यायला 76 मीटर, म्हणजे साधारण 0.22 सेकंद. मुलींनी वहीत गणित केले आणि मग जे सगळी मुले करतात तेच केले, ओरडल्या. तो कल्लोळ ऐकून कबरीच्या जागी हे बरे नव्हे असे मला वाटत होते, तेवढ्यात एका मुलीने हळू आवाजात दरूद पढायला सुरुवात केली. एकेक ओळ घुमटात फिरून तिच्याकडे परत येत होती आणि ती परत येईपर्यंत थांबून पुढची ओळ घेत होती. कुणी शिकवले नव्हते. बाकीच्या आपोआप गप्प झाल्या.

आता त्या मुलीने घुमट वाजवला असे म्हणायचे का? ती थांबत होती, त्याच्या वेळेशी आपली वेळ जुळवत होती. वाद्याशी माणूस असेच वागतो. तरीही गोल घुमटाला साज ठरवून तिथे दरूद पढायला मनाई करावी असे कुठलाही मौलवी म्हणणार नाही. आणि मोबाईलमधला रिव्हर्ब म्हणजे तरी काय? असाच एखादा घुमट आकड्यांत उतरवलेला. हे मी अलंकाराने म्हणत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इस्तंबूलच्या आयासोफियामध्ये, ती वास्तू संग्रहालय असताना, फुगे फोडून त्यांचा आवाज टिपला. त्यावरून त्या वास्तूचा निनाद संगणकात बांधला. तो दहा सेकंदांहून अधिक रेंगाळतो. मग कॅलिफोर्नियातल्या सभागृहात गाणाऱ्या एका गायकवृंदाच्या आवाजाला तो लावला आणि 2019 मध्ये त्याचा अल्बम काढला. 2020 पासून ती वास्तू पुन्हा मशीद आहे. इमामसाहेबांची किरत तिथे त्याच निनादात घुमते. निनाद तोच, एकदा दगडातून आणि एकदा संगणकातून. फरक करायचा तर कशावर करायचा?

पण हा युक्तिवाद ताणला की तुटतो, हे मला मिरजेने शिकवले. आमच्या गावाची ओळख सतार आणि तानपुऱ्यांची. साधारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या शिकलगार घराण्यांनी, तलवारींना धार लावणाऱ्या कारागिरांनी, हा धंदा उचलला. तलवारी गेल्या, हातातली नजर राहिली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बनवणारे बहुतेक सगळे आपलेच लोक, जुम्माला दुकाने बंद ठेवणारे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले, 1937 मध्ये वारल्यावर इथेच दर्ग्याच्या आवारात दफन झाले, आणि उरसात त्यांच्या आठवणीत अजूनही रात्रभर गाणे होते. या गल्लीत बसून ‘साज हराम’ म्हणणे आणि ऐकणे दोन्ही सोपे नाही. पण मला सांगायचे आहे ते जवारीबद्दल. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानस आणि पॉलिशने इतका बारीक घासतात की तार तिच्यावर किंचित लोळत सुटते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की जो सूर नुसता ‘टुण’ होता तो एकदम फुलतो, त्यातून वरचे सूर सांडू लागतात. दोऱ्याला स्वतःचा आवाज नाही. तो एक इफेक्ट आहे. विजेशिवाय चालणारा आणि कुठल्याही मोबाईलपेक्षा जुना. आणि कुठल्याही गवयाला विचारा, जवारीवाचून तानपुरा म्हणजे भोपळ्याला बांधलेल्या चार तारा. तेव्हा ‘ज्याला स्वतःचा आवाज नाही ते वाद्य नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. इफेक्ट हा वाद्याचा प्राणही असू शकतो.

तरी मी काही दिवस तीच कसोटी धरून बसले होते. यंत्र चालू करा, समोर कुणी बोलू नका. ते गप्प राहिले तर इफेक्ट, वाजले तर वाद्य. शिकवायलाही सोपी. पण अॅम्प्लिफायरचा एको पूर्ण उघडून पाहिलात कधी? माइक भोंग्याच्या तोंडाशी आला की जी किंकाळी फुटते ती आपण सगळ्यांनी खुत्ब्याच्या ऐन मध्यात ऐकली आहे. बाहेर पडलेला आवाज परत आत जातो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा आत जातो. यंत्र स्वतःच गाऊ लागते. जमैकात किंग टबी नावाचा रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. 1970 च्या दशकात त्याने याच एकोच्या नॉबवर बोटे ठेवून संगीताचा एक नवा प्रकार, डब, घडवला. गायक कधीचा निघून गेलेला असे, टबी त्याच्या एका शब्दाची बाजगश्त वाढवत, थोपवत, बुडवत राही. त्याच्या हातात एको वाद्यच होता, यात मला शंका नाही. मग तोच नॉब खतीबसाहेबांसाठी अर्ध्यावर ठेवला की वाद्य नाही. यंत्र तेच आहे. एकाने ते वाजवले आणि दुसऱ्याने फक्त चालू ठेवले.

मला वाटते, कसोटी इथेच कुठेतरी आहे. यंत्र कशाचे बनले आहे यात ती नाही, आणि कानाला काय भासते यातही नाही. बोट काय करते ते पाहावे. ‘फक्त आवाज’ या सूचनेखाली खपणाऱ्या ध्वनिमुद्रणांचे दोन प्रकार मला वेगळे करावेसे वाटतात. पाच माणसे बसून पाच सुरांत गातात, त्यावर निनाद चढवला जातो. तो समूहाचा आवाज आहे, मला त्यात साज दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात कुणाच्या तरी गळ्यातून एकदाच ‘आ’ काढून घेतात, त्याचे तुकडे करून पट्ट्यांवर बसवतात, आणि पुढे कुणीतरी बोटांनी ते वाजवतो. गळा तिथे केव्हाचा संपला. उरली ती पेटी, फक्त तिच्या भात्यात हवेऐवजी कुणाचा तरी श्वास भरलेला आहे. तिला गळा म्हणणे म्हणजे सतारीला भोपळा म्हणण्यासारखे आहे. मामूंना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘पहचानना कैसे?’ आणि ते खरेच आहे, नुसते ऐकून आता ओळखता येत नाही. मोबाईलवर अशीही साधने आली आहेत की जी एखाद्या गाण्यातले सगळे संगीत पुसून नुसता गायकाचा आवाज ठेवतात. माझ्या वर्गातल्या मुली सिनेमाची गाणी अशी ‘धुऊन’ ऐकतात आणि निर्धास्त असतात. शब्द कोणते आहेत हे धुण्याचे साधन अजून निघालेले नाही.

ऑटोट्यूनबद्दल माझे मत वेगळे आहे, आणि त्याचा साजशी संबंध नाही. 1997 साली ते बाजारात आले. ते काढणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचा अभ्यास करत. म्हणजे मुळात तीही बाजगश्तच. चुकलेला सूर ते जागेवर बसवते. गाण्यात चालेल ते. पण किरतीत नको. कारी वर्षानुवर्षे मखरज घासतो, उस्तादाचे बोलणे खातो, तेव्हा गळा तयार होतो. तो तयार नसताना तयार असल्याचे दाखवणे ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे. तिथे साजचा मसला येतच नाही, सचोटीचा येतो. आणि आणखी एक गोष्ट मला खुपते, जिथे मी माझ्या अनेक सहकाऱ्यांपेक्षा कडक ठरते. 2000 नंतरच्या काळात नअतीच्या मागे अल्लाहच्या नावाचा ठेका धरण्याची पद्धत फोफावली. माइक ओठांना चिकटवून, श्वास दाबून ते नाव असे म्हणतात की ऐकणाऱ्याला तबल्याचा ठोका वाटावा. त्यावर उलेमांत मतभेद झाले, काहींनी जिक्र म्हणून चालेल म्हटले, काहींनी सक्त विरोध केला. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूची आहे. खरा तबला वाजवला असता तर निदान ते नाव तरी तबल्याच्या जागी बसवले गेले नसते. नियमाची अक्षरे सांभाळून अदब मोडण्याचा हा प्रकार आहे.

संगीतावर फतवे फक्त आपल्याकडेच निघतात असे कुणी समजू नये, म्हणून जाता जाता सांगते. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी घातली होती. कारण दिले गेले ते असे की तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, ती हिंदुस्थानी गळ्याला बिघडवते. ही बंदी 1971 पर्यंत चालली. एवढ्या वर्षांत किती पेटीवाल्यांनी वाद्य विकून रिक्षा घेतली असेल?

तो नववीतला मुलगा पुढे नअत पढला नाही. आवाज बसल्यावर, म्हणजे चांगला भरदार झाल्यावर, मी त्याला दोनदा विचारले. तो हसून ‘देखेंगे टीचर’ म्हणतो. आता वडिलांबरोबर साउंडच्या कामावर जातो. मीलादच्या जलशांत मशीनमागे तोच असतो आणि त्याने लावलेला आवाज स्वच्छ असतो, हे मौलवीसाहेबही कबूल करतात.

यंदा नियमपत्रिका नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘साज के बगैर’ या ओळीखाली मी तीन ओळी घातल्या. आवाज पढणाऱ्याच्या गळ्यातून त्याच वेळी निघालेला असावा, आधी मुद्रित केलेले काही नसावे. साथीला मुले असतील तर ती मंचावर असावीत, ठेका तोंडाने धरायचा तर निरर्थक बोलांचा, अल्लाह-रसूलच्या नावाचा नाही. माइकची गूंज सगळ्यांना सारखी, स्पर्धेआधी ठरवून नॉबवर चिकटपट्टी लावायची. पहिल्या दोन ओळी बैठकीत मंजूर झाल्या. तिसरीवर मौलवीसाहेब म्हणाले, चिकटपट्टी लावायचीच तर शून्यावर लावा. मी म्हटले, साहेब, सभागृहाला पत्र्याचे छप्पर आहे, मागची भिंत पंचवीस मीटरवर आहे, शून्यावर लावली तरी बाजगश्त येणारच. ते म्हणाले, ती छपराची, आपली नाही. यावर अर्धा तास गेला. शेवटी पाव ठरले.